कॉलेजात खेळलेला एखादा जुना बास्केटबॉलवाला वारला की अमेरिकेतले लोक घरचं माणूस गेल्यासारखे का वागतात?

प्रश्नाच्या खाली तुम्ही अजून एक ओळ टाकलीय, "एनबीएत नाव नाही, पैसा नाही, शेवटी कुठंतरी साधी नोकरी करत होता, त्याचं एवढं काय?" (एनबीए म्हणजे इथली पगारी बास्केटबॉल लीग.) नुसता वरचा प्रश्न असता तर मी वाचून पुढं गेलो असतो, या खालच्या ओळीमुळं लिहायला बसलोय. आणि उत्तर लांबणार आहे, आत्ताच सांगतो.

मी रॅलेला एनसी स्टेटमधून (म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी) एमएस केलं आणि मग तिथंच चिकटलो, आता शेजारी कॅरीत राहतो. त्यामुळं मी बोलणार तो लोरेंझो चार्ल्सबद्दल, एनसी स्टेटचा जुना खेळाडू. २७ जून २०११, सोमवार होता, रॅलेत आय-४० हायवेवर एक चार्टर बस अपघातात सापडली, आत पॅसेंजर एकही नव्हता, फक्त ड्रायव्हर, आणि तो जागीच गेला. ड्रायव्हर म्हणजे लोरेंझो चार्ल्स, वय ४७. नाव बाहेर आलं आणि अख्ख्या गावाचा आवाज बसला. मी अतिशयोक्ती करत नाहीये. मंगळवारी सकाळी ऑफिसात गेलो तर आमच्या टीममधला एक पन्नाशीचा माणूस, जो एरवी बिल्डमध्ये काय तुटलं याशिवाय तोंड उघडत नाही, तो लाल टीशर्ट घालून कॉफी मशीनसमोर उभा होता आणि कॉफी भरून कप वाहायला लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं. एनसी स्टेटचा रंग लाल, हे तुम्हाला माहीत असेलच. ८३ साली हा तिथं विद्यार्थी होता.

आता ८३ सालचं सांगायलाच पाहिजे नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

एनसी स्टेटची टीम त्या सीझनला १० मॅच हरलेली. त्यांचा मेन शूटर डेरेक विटेनबर्ग मध्येच पाय मोडून बसलेला, नंतर परत आला. कॉन्फरन्सची (म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाची) टूर्नामेंट जिंकली तरच पुढं जाण्याची खात्री, नाहीतर घरी बसा, अशी अवस्था. तर या लोकांनी अटलांटात शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीला हरवलं (मायकल जॉर्डन त्या टीममध्ये होता, होय तोच) आणि फायनलला व्हर्जिनियाला हरवलं, ज्यांच्याकडं राल्फ सॅम्पसन नावाचा सात फूट चार इंचाचा डोंगर होता. मग नॅशनल टूर्नामेंट. पेपरडाइनशी डबल ओव्हरटाइम, ६९-६७. युएनएलव्हीशी ७१-७०. पुढं परत व्हर्जिनिया, परत सॅम्पसन, आणि ६३-६२. प्रत्येक वेळी आता गेले म्हणायचं आणि प्रत्येक वेळी वाचायचे. आणि फायनलला समोर ह्यूस्टन, सलग २६ मॅच जिंकून आलेले, हकीम ओलाजुवॉन (तेव्हा अकीम लिहायचे) आणि क्लाइड ड्रेक्सलर एकाच टीममध्ये. पेपरवाल्यांनी मॅच आधीच ह्यूस्टनला देऊन टाकलेली.

४ एप्रिल १९८३, अल्बुकर्की. हाफटाइमला स्टेट ३३-२५ पुढं, मग ह्यूस्टन सुटलं आणि पुढं गेलं, मग ह्यूस्टनच्या कोचनी गेम स्लो केला (का केला देव जाणे, मी तरी नसता केला), आणि स्टेटचा कोच जिम व्हॅल्व्हानो पोरांना सांगून फाउल करायला लावायचा कारण फाउल झाला की समोरच्याला फ्री थ्रो मिळतात आणि ह्यूस्टनच्या पोरांचे फ्री थ्रो बेभरवशाचे. ५२-५२. शॉट क्लॉक नाही, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायचाच असं बंधन नाही. स्टेटनी बॉल धरून ठेवला, शेवटचा शॉट घ्यायचा म्हणून, आणि सगळा प्लॅन बोंबलला, पास जवळजवळ चोरीलाच गेलेला, विटेनबर्गनी कसाबसा पकडून साधारण ३० फुटांवरून हवेत भिरकावला. बॉल कमी पडला. रिंगला शिवलाही नाही. आणि बास्केटखाली हा दुसऱ्या वर्षाचा १९ वर्षांचा ब्रुकलिनचा पोरगा उभा, त्यानी हवेतच बॉल धरला आणि त्याच झटक्यात आत कोंबला, डंक म्हणतात तो हाच. ५४-५२. खलास. व्हॅल्व्हानो कोर्टवर वेड्यासारखा पळतोय, मिठी मारायला माणूस शोधतोय, ते फुटेज तुम्ही नक्की बघितलं असेल, दर मार्चला टीव्हीवर दाखवतातच.

मजा अशी की त्या फायनलमध्ये चार्ल्सचे पॉइंट होते फक्त ४. थर्ल बेलीचे १५, विटेनबर्गचे १४. विटेनबर्ग तर अजून म्हणतो की तो शॉट नव्हताच, मी पास दिला होता. पण लोकांच्या डोक्यात फोटो बसला तो चार्ल्सचा.

आता तुमचा प्रश्न. लोक असे का वागतात. एक तर नॉर्थ कॅरोलायनात १९८८ पर्यंत एनबीएची टीमच नव्हती. शार्लटला हॉर्नेट्स आली ती ८८ साली. तोपर्यंत इथल्या माणसाला बास्केटबॉल म्हणजे कॉलेज. आणि कॉलेजं पण कशी, ड्यूक डरहॅमला, कॅरोलायना चॅपल हिलला, स्टेट रॅलेला, तिन्ही गाडीनी अर्ध्या पाऊण तासाच्या आत. एकाच गल्लीत लाल, फिका निळा आणि गडद निळा असे तिन्ही झेंडे लागतात, नवरा बायकोत वेगवेगळे लागतात. त्यात स्टेट म्हणजे शेतीचं, इंजिनिअरिंगचं कॉलेज, बाकीचे दोघं यांना गावंढळ समजतात, म्हणजे तोंडावर म्हणत नाहीत पण समजतात. अशा कॉलेजच्या पोरानी जॉर्डन, सॅम्पसन, ओलाजुवॉन ओळीनी पाडलेल्या टीमचा शेवटचा घाव घातला. गावाकडं जत्रेच्या फडात आपल्या आळीच्या पैलवानानी बाहेरून आलेल्या नावाजलेल्याला चितपट केल्यावर त्याचं नाव जसं तीन पिढ्या घेतात, तसं. तो पैलवान नंतर काय काम करतो हे कोणी विचारतं का? आणि दुसरं, तो पोरगा तुमच्याच कॅम्पसवर चार वर्षं राहतो, त्याच कँटीनला जेवतो, तुमच्या वर्गात मागं बसून पेंगतो. एनबीएचा खेळाडू विकत घेतलेला असतो, उद्या ट्रेड होतो, म्हणजे दुसऱ्या टीमकडं जातो. हा होत नाही. (म्हणजे आता होतो, ट्रान्सफरचा सुळसुळाट झालाय, पण मी जुन्या काळाचं बोलतोय.)

झालं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आता त्या खालच्या ओळीकडं येतो.

त्या उन्हाळ्यात माझे आईवडील आमच्याकडं आले होते. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, विटा डेपो. रिटायर होऊन काही वर्षं झालेली. विनाअपघात २५ वर्षांचा बिल्ला मिळालेला माणूस, तो बिल्ला आईनी देवघराच्या कपाटात ठेवलाय, आण्णांनी कधी लावला नाही. बातमी मी त्यांना घरी आल्यावर सांगितली, की असा असा मोठा खेळाडू, बस चालवत होता, गेला. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "गाडीत मानसं हुती का?" मी म्हटलं नाही, रिकामी होती. ते म्हणाले, "मग बरं." आणि गप्प बसले. मला ते 'मग बरं' जरा कठोर वाटलं, पण ड्रायव्हरचं डोकं असंच चालतं, आधी मागची माणसं.

मग लॅपटॉपवर मी त्यांना तो डंक दाखवला. आता आण्णा तरुणपणी शूटिंग बॉल खेळायचे, व्हॉलीबॉलसारखाच नेटवरचा खेळ, ज्यांना माहीत नाही त्यांनी सांगली साताऱ्याकडच्या कुणालाही विचारा, रात्री ट्यूबलाइट लावून मॅचेस व्हायच्या, ढोलताशा, बक्षीस म्हणून पितळी हंडा नाहीतर रोख रक्कम. आण्णा नेटवरचे. त्यामुळं बास्केटबॉलचा नियम एक माहीत नसला तरी बॉल कुठं पडणार हे त्यांना दिसतं. त्यांनी ते फुटेज परत परत लावायला लावलं आणि स्क्रीनला बोट लावून म्हणाले, "ह्यो बघ, ह्या काळ्या पोरानं हलायचंच न्हाई असं ठरवलंय. बाकीची समदी बॉलकडं बघत्यात आन् ह्यो बॉल कमी पडनार म्हनून हितंच हुबा हाय. त्यो उंच गडी (म्हणजे ओलाजुवॉन!) फसला बघ, त्येला वाटलं रिंगला लागून यील." मी इथं वर्षानुवर्षं हा व्हिडिओ बघणारा माणूस, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चार्ल्सनी पण मुलाखतीत साधारण हेच सांगितलंय, की त्याच्या अँगलवरून बॉल कमी पडतोय हे त्याला दिसलं. सगळे म्हणतात नशीब. नशीब कसलं, जागा धरून उभं राहणं आहे ते.

त्याच शनिवारी एका ओळखीच्यांकडं पॉटलक होतं. आपलं नेहमीचं, बायकांनी आणलेली पुरणपोळी, कोणीतरी कॉस्टकोचा सामोसा, पोरं बेसमेंटमध्ये, पुरुष डेकवर. विषय निघाला कारण दोघंतिघं स्टेटचे होतो. आणि आमच्या ग्रुपमधले एक सीनियर गृहस्थ, त्यांचं नाव घेत नाही, चांगले आहेत, अडीअडचणीला धावतात, पण त्यांना प्रत्येक गोष्टीतून बोध काढायची खोड आहे, ते म्हणाले, "बघा, नॅशनल चॅम्पियन आणि शेवटी काय, बस ड्रायव्हर. म्हणून मी आमच्या पोराला सांगतो, खेळबीळ ठीक आहे, पण अभ्यास."

आण्णा तिथंच खुर्चीवर बसलेले, ताटलीत दहीभात.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आण्णाच म्हणाले, अगदी सहज, "मी पन ड्रायव्हरच की साहेब. लाल डब्बा." कोणीतरी उगाच हसलं. ते गृहस्थ एकदम "अहो तसं नाही आण्णा, तुमच्याबद्दल नाही म्हणालो मी, इथलं वेगळं आहे" वगैरे. इथलं काय वेगळं आहे? स्टेअरिंग उजवीकडचं डावीकडं गेलं एवढंच. मग मी बोललो, आणि जरा जास्तच बोललो असं बायकोचं म्हणणं आहे, माझं नाही. मी म्हटलं, तो माणूस एनबीएच्या अटलांटा हॉक्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, घेतलेला, एक सीझन एनबीएत ३६ मॅच खेळला, नंतर युरोपात आणि इकडच्या छोट्या लीगमध्ये कितीतरी वर्षं खेळून पोट भरलं, म्हणजे आवडत्या कामावर दहा वर्षांच्या वर जगला, मग परत रॅलेला येऊन कष्टाचं काम धरलं. यात फसलं काय? तुमच्या आमच्यातला कोण आवडत्या कामावर जगतोय? तुम्ही परवाच म्हणत होता की ग्रीन कार्ड आलं की ही नोकरी सोडणार.

हे शेवटचं वाक्य लागलं त्यांना. बरोबर लागलं.

त्यानंतर हा वाद आमच्यात मिटलाच नाही. पुढं त्यांच्या पोरानी हायस्कूलच्या टीमसाठी ट्रायआउट द्यायचं म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला त्याच आठवड्यात एसएटीच्या (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) क्लासला घातलं, आणि कारण काय दिलं असेल, चार्ल्स. बघ तुमच्या स्टेटचा हिरो. मला हे त्यांनीच हसत सांगितलं. मेलेल्या माणसाला पोरांना घाबरवायला वापरतात, बागुलबुवासारखं. म्हणून तुमची ती ओळ वाचली की माझं डोकं फिरतं. 'साधी नोकरी' म्हणजे काय हो? ज्या एसटीत बसून तुम्ही कॉलेजला गेलात ती कोण चालवत होतं? मुक्कामी गाडी घेऊन जाणारा ड्रायव्हर रात्री गाडीतच झोपतो, पहाटे थंड पाण्यानं तोंड धुऊन पहिली फेरी काढतो, आणि त्याला घाटात एक सेकंद डुलकी परवडत नाही. चाळीस पन्नास जिवांची जबाबदारी आहे ती, तुमच्या माझ्या पॉवरपॉइंटची नाही.

आणि लोकांनी चार्ल्सला कसं आठवलं ते सांगतो, कारण त्यातच सगळं आलं. बस चालवतो म्हणून कोणी बिचारा म्हटल्याचं मी तरी त्या आठवड्यात ऐकलं नाही, निदान इथल्या लोकांकडून. ऑफिसातला तो लाल टीशर्टवाला सांगत होता की मॅच संपल्यावर सगळं कॉलेज हिल्सबरो स्ट्रीटवर उतरलं, ओळख ना पाळख, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, त्याला कुणीतरी खांद्यावर घेतलं आणि कोणी घेतलं हे त्याला अजून माहीत नाही. आमच्या इमारतीत रात्री साफसफाईला येणाऱ्या एक बाई, त्यांनी तर कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही, पण त्या तेव्हा लहान होत्या आणि त्यांच्या वडिलांनी रेडिओ एवढा मोठा केला होता की शेजारच्यांनी येऊन दार वाजवलं आणि मग शेजारचेच आत बसून ऐकायला लागले. त्यांच्या तोंडी नुसतं "लोरेंझो", आडनाव नाहीच. रडणारे लोक डंकसाठी रडत नव्हते असं मला वाटतं, त्या रात्री त्यांच्यासोबत घरात कोण कोण होतं त्यांच्यासाठी रडत होते. वडील गेलेले असतात, लग्न मोडलेलं असतं, कॉलेज सुटलेलं असतं. आणि ज्याच्यामुळं ती रात्र अजून फुकट बघायला मिळते तो माणूस गेला. त्यात व्हॅल्व्हानो आधीच ९३ साली कॅन्सरनी गेलेला, तोही ४७ वर्षांचाच. दोघांचं वय एकच. शेवटच्या दिवसांत त्यानी ईएसपीएनच्या कार्यक्रमात उभं राहून जे भाषण केलं आणि कॅन्सर रिसर्चसाठी फाउंडेशन जाहीर केलं, ते इथल्या शाळांत अजून दाखवतात. पुढं २०१६ च्या मे महिन्यात, म्हणजे ३३ वर्षांनी, त्या टीमला व्हाइट हाउसला बोलावलं, तेव्हा हे दोघं नव्हते.

तुम्ही 'अशा खेळाडूंचं पुढं होतं काय' असंही सुचवलंय, तर त्याला एकच उत्तर नाही. हँक गॅदर्स घ्या, लोयोला मेरीमाउंटचा, अख्ख्या देशात एकाच सीझनला पॉइंट आणि रीबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) दोन्हीत पहिला आलेला, ४ मार्च १९९० ला मॅच चालू असताना कोर्टवर कोसळला आणि त्यातच गेला, हृदयाचा त्रास होता. त्याचा लहानपणचा दोस्त बो किंबल, उजव्या हाताचा, पुढच्या टूर्नामेंटमध्ये प्रत्येक मॅचचा पहिला फ्री थ्रो डाव्या हातानी मारायचा, कारण हँक फ्री थ्रो डाव्यानी मारायचा. आणि ते सगळे आत गेले. लेन बायस, मेरीलँडचा, १९८६ च्या ड्राफ्टमध्ये एनबीएच्या सेल्टिक्सनी दुसऱ्या नंबरवर घेतला आणि दोन दिवसांनी कोकेननी गेला. हँक आणि लेन, या दोघांचं पुढं झालंच नाही काही. चार्ल्सचं झालं, संसार झाला, काम झालं. म्हणून मला तो यांच्यात बसवायला आवडत नाही, 'शोकांतिका' वगैरे शब्द त्याच्यासाठी वापरू नका. अपघात झाला, ड्यूटीवर गेला. बास.

आता थोडं उलट बाजूनंही बोलतो नाहीतर मला भक्त म्हणाल. कॉलेजांनी या पोरांच्या जिवावर टीव्हीचे कोट्यवधी कमावले आणि पोरांना स्कॉलरशिपपलीकडं दमडी दिली नाही, नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली ती थेट २०२१ ला. चार्ल्सचा तो डंक किती जाहिरातींत वापरला गेला असेल, त्यातलं त्याला काय मिळालं हा विचार लाल टीशर्ट घालणाऱ्यांनी पण करावा, मी धरून. आणि फॅन लोक काही संत नाहीत. त्याच ८३ च्या टीमचा पॉइंट गार्ड सिडनी लो नंतर स्टेटचा कोच झाला, टीम जिंकेना तर याच प्रेमळ लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं आणि २०११ च्या मार्चमध्ये, म्हणजे चार्ल्स जायच्या तीनच महिने आधी, तो बाजूला झाला. तेव्हा प्रेम आहे, पण बास्केट पडतंय तोवर आहे हेही खरं. चार्ल्स त्यातून वाचला कारण त्याचं शेवटचं बास्केट पडलं होतं, आणि नंतरची दोन वर्षं तर तो साधारण १८ च्या सरासरीनी खेळला, जे आज कोणालाच आठवत नाही.

व्हिडिओ बघायचाच असेल तर डंक सगळेच बघतात, तुम्ही त्याआधीची व्हर्जिनियाची ती ६३-६२ वाली मॅच शोधा, २३ सेकंद उरलेत, एका पॉइंटनी मागं, आणि फ्री थ्रो लाइनवर हाच पोरगा, दोन्ही आत. ते दोन हुकले असते तर अल्बुकर्की झालंच नसतं. आण्णांना मी ते फोनवर पाठवलं होतं, त्यांचं म्हणणं हात थरथरत नाहीत हे बघ.

पोराला खेळायचं असेल तर खेळू द्या, हे तुम्ही विचारलं नव्हतं पण सांगून ठेवतो. अभ्यासही करू दे, मी कुठं नाही म्हणतोय.

आणि कमेंटमध्ये कोणी "मग कोबीचं काय, त्याच्यासाठी पण रडलेच की" असं लिहायच्या आधीच सांगतो, कोबी ब्रायंट कॉलेजात खेळलाच नाही, हायस्कूलमधून थेट एनबीएत गेला, त्याचा प्रश्न वेगळा टाका.